सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र : तोटा मोजून झाला, आता मर्यादा ठरवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय : किरकोळ गुंतवणूकदारांच्या एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) व्यवहारांना उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा घालण्याबाबत

महोदय,

मी कराडमध्ये कर सल्लागार म्हणून काम करतो. शेअर बाजाराचा मी तज्ज्ञ नाही, ब्रोकर नाही आणि कोणत्याही गुंतवणूकदार संघटनेचा पदाधिकारीही नाही. माझ्याकडे येणारी मंडळी म्हणजे प्राथमिक शिक्षक, साखर कारखान्यातले कर्मचारी, पतसंस्थांमधले कारकून, दुकानदार आणि पुण्यात नोकरीला असूनही विवरणपत्र गावाकडच्या माणसाकडूनच भरून घेणारी त्यांची मुले. यांतल्या बहुतेक पगारदारांचे विवरणपत्र पूर्वी आयटीआर-१ या सर्वांत साध्या नमुन्यात बसत असे. फॉर्म १६ आणि बँकेचा व्याजाचा दाखला आणला की काम संपले. आता त्यांच्यापैकी अनेकांसाठी आयटीआर-३ भरावा लागतो, कारण फ्युचर्स आणि ऑप्शन्समधला, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांमधला, नफा-तोटा आयकर कायद्याच्या लेखी व्यवसायाचा नफा-तोटा ठरतो. ज्याने आयुष्यात कधी टपरीही टाकलेली नाही, तो विवरणपत्रात व्यापारी म्हणून उभा राहतो आणि बहुतेक वेळा तोट्यातला व्यापारी म्हणून. हा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. तो आठ वर्षे पुढे ओढता येतो, तोही पुढे कधी व्यवसायात नफा झाला तर त्यातून वळता करण्यासाठी. वर्षाला पंधरा लाख पगार घेणाऱ्या अभियंत्याने चार लाख रुपये ऑप्शन्समध्ये घालवले, तरी सरकारच्या दृष्टीने त्याचा पगार पंधरा लाखच राहतो आणि कर त्यावरच लागतो. ही गोष्ट अनेकांना माझ्या टेबलासमोर बसल्यावर पहिल्यांदा कळते.

हे पत्र मात्र कोणा एका अशिलाच्या तक्रारीपोटी लिहिलेले नाही. ते लिहावे लागले ते आपल्याच मंडळाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांमुळे आणि त्या अभ्यासांनंतर जे झाले, त्याहून अधिक जे झाले नाही, त्यामुळे.

जानेवारी २०२३ मध्ये आपण सांगितलेत की २०२१-२२ या वर्षात इक्विटी एफ अँड ओमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ८९ टक्के तोट्यात होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडलात : एक कोटीहून अधिक माणसे, त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात आणि खर्चासह एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे निघाले अवघे एक टक्का. जुलै २०२५ मध्ये पुढचा अहवाल आला. २०२४-२५ मध्ये ९१ टक्के व्यक्ती तोट्यात होत्या आणि त्यांचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपये होता, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा ४१ टक्के अधिक. चार वर्षांची बेरीज पावणेतीन लाख कोटींच्या पुढे जाते. हा पैसा कोणा परदेशी फंडाचा किंवा उद्योगसमूहाचा नव्हता, तो घरांमधला होता. आपल्याच अहवालानुसार २०२३-२४ मधल्या ट्रेडरांपैकी सुमारे ७५ टक्क्यांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी सांगितले होते, ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते आणि ७२ टक्के जण देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. कराड त्याच ७२ टक्क्यांमधले गाव आहे, आणि सर्वाधिक ट्रेडर असलेले राज्य महाराष्ट्र आहे.

आपण काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले, प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी (करार संपण्याचा दिवस) ठेवायला लावली, एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन विकणाऱ्यांकडून दोन टक्के जादा मार्जिन (अनामत रक्कम) घेण्यास सुरुवात केली आणि खरेदीदाराकडून पूर्ण प्रीमियम (ऑप्शनची किंमत) आगाऊ घेणे बंधनकारक केले. त्याचा परिणामही दिसला. डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या काळात व्यवहार करणाऱ्या व्यक्तींची संख्या वर्षभरापूर्वीच्या त्याच काळापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी घटली. पण दोन वर्षांपूर्वीशी तुलना केली, तर ती अजूनही जास्तच होती. २०२४-२५ च्या तोट्यातला मोठा भाग हे नियम लागू होण्याआधीचा आहे, हेही मान्य करायला हवे. तरीही या उपायांची दिशा पाहिली की माझा आक्षेप सुरू होतो. आपण कराराचा आकार बदललात, एक्स्पायऱ्यांची संख्या बदललीत आणि सप्टेंबर २०२५ पासून वारही बदललेत. निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी होऊ लागली. समोर व्यवहार करणारा माणूस कोण आहे आणि त्याची किती तोटा सोसण्याची ऐपत आहे, हा प्रश्न मात्र यांतल्या एकाही नियमाने विचारला नाही.

पहिला आक्षेप कराराच्या आकाराबद्दलचा आहे. आकार वाढवला की लहान माणूस आपोआप बाहेर राहील, असे गृहीत धरलेले दिसते. फ्युचर्स घेणाऱ्याच्या आणि ऑप्शन विकणाऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे, कारण त्यांना मार्जिन भरावे लागते. ऑप्शन विकत घेणाऱ्याला मात्र फक्त प्रीमियम भरावा लागतो. आपल्या परिपत्रकानंतर निफ्टीचा लॉट (एका करारातले नग) २५ वरून ७५ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६५. निफ्टी २४,००० वर आहे असे धरले, तर ६५ च्या एका लॉटचे मूल्य १५ लाख ६० हजार होते. पण एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी दोन वाजता, बाजारभावापासून दूरच्या स्ट्राइकचा (करारात ठरलेल्या भावाचा) कॉल, म्हणजे भाव वाढण्यावरचा ऑप्शन, चार रुपयांना मिळत असेल, तर तो ६५ चा लॉट २६० रुपयांत पडतो. ज्या व्यवहाराला तरुण मुले ‘झिरो टू हिरो’ म्हणतात, तो हाच. साडेपंधरा लाखांच्या कराराशी २६० रुपयांत नाते जोडता येते आणि साडेतीन वाजेपर्यंत ते २६० रुपये बहुधा शून्य होतात. एकदा २६० रुपये जाऊन कोणी उद्ध्वस्त होत नाही; आठवड्यातून दोन एक्स्पायऱ्यांना, प्रत्येक वेळी पाच-सात लॉट आणि गेलेले भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट, अशा क्रमाने मात्र वर्षाअखेर आकडा लाखांत जातो. ब्रोकरकडून येणाऱ्या वार्षिक नफा-तोटा पत्रकात हा क्रम तारीखवार वाचता येतो. आपण बांधाची उंची वाढवलीत, पण मोरी उघडीच राहिली.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मार्च २०१८ च्या बैठकीत आपल्या मंडळाने इक्विटी डेरिव्हेटिव्ह्ज (शेअर्सवरचे फ्युचर्स-ऑप्शन्ससारखे करार) बाजाराबाबत निर्णय घेताना, त्यात उत्पादन कोणासाठी योग्य आहे याचाही विचार केला होता. व्यक्तिगत गुंतवणूकदाराने आयकर विवरणपत्रात दाखवलेल्या उत्पन्नाच्या आधारे त्याची एक मर्यादा काढावी, त्या मर्यादेपर्यंत त्याला रोख आणि डेरिव्हेटिव्ह्ज बाजारात मोकळेपणाने व्यवहार करू द्यावेत आणि त्यापुढे जायचे असेल तर ब्रोकरने काटेकोर चौकशी करून कागदपत्रे घ्यावीत, असे तेव्हा ठरले होते. माझ्या आजच्या मागणीचा गाभा यात पूर्ण आहे. तो माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसाने सुचवलेला नाही, आपल्याच मंडळाने मान्य केलेला आहे. २०१८ साली मान्य झालेली ही मर्यादा माझ्या एकाही अशिलाला त्याच्या खात्यात कधी आडवी आलेली नाही. हा निर्णय मागे घेतला असेल तर कोणत्या बैठकीत आणि कोणत्या कारणाने, आणि घेतला नसेल तर तो अमलात का आला नाही, याचे उत्तर मिळण्याचा अधिकार त्या एक कोटी माणसांना आहे.

आज प्रत्यक्षात काय घडते, ते सांगतो. एफ अँड ओ सुरू करण्यासाठी ब्रोकर उत्पन्नाचा पुरावा मागतो : सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, विवरणपत्राची पोच, पगारपत्रक किंवा डिमॅटमधल्या शेअर्सचे पत्रक. यांपैकी एक कागद ॲपवर चढवला की बहुधा काम भागते. कागद आहे की नाही हे पाहिले जाते. कागदावरचा आकडा आणि नंतर होणारा व्यवहार यांचा मेळ कोणी घालत नाही. अडीच लाख उत्पन्न दाखवणाऱ्याला आणि पंचवीस लाखवाल्याला उघडणारे दार एकच असते. याच माणसाने बँकेत पन्नास हजारांचे वैयक्तिक कर्ज मागितले, तर बँक त्याचा पगार, चालू हप्ते आणि क्रेडिट स्कोअर तपासते. कर्जात बँकेचे पैसे बुडण्याचा धोका असतो आणि इथे फक्त ग्राहकाचे, एवढाच फरक यामागे आहे का, असा प्रश्न मला पडतो.

तिसरा आक्षेप इशाऱ्याबद्दलचा आहे. मे २०२३ च्या आपल्या परिपत्रकानुसार ब्रोकरच्या ॲपवर ‘दहापैकी नऊ जणांना तोटा होतो’ हा इशारा दिसतो. हेतू चांगला असला, तरी प्रत्येक जण स्वतःला उरलेला दहावा समजतो. सलग दोन वर्षे तोटा होऊनही ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले, हे आपल्याच अभ्यासात आहे. म्हणजे इशारा वाचून त्यांना काही कळले नाही असे नाही, त्यांना तो दुसऱ्यांबद्दलचा वाटला. शिवाय हा इशारा माझ्या अनेक अशिलांनी इंग्रजीतच पाहिला आहे. त्यांना टिप्स मात्र शुद्ध मराठीत मिळतात, रात्री साडेआठला टेलिग्रामवर, पुढच्या दिवसाच्या ‘लेव्हल’सह. नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी ब्रोकरने संबंध ठेवू नयेत आणि शिक्षणाच्या नावाखाली चालू बाजारभाव दाखवून टिप्स देऊ नयेत, असे नियम आपण केले आहेत. ते योग्य आहेत. मराठी वाहिन्यांवर आणि गटांवर ते कितपत पोचले, हे एकदा मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्याला बसवून पाहावे.

चौथा आक्षेप एक्स्पायरीच्या दिवसाबद्दल आणि त्या दिवसातून कमाई करणाऱ्यांबद्दल आहे. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात आपण जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीचे ४,८४३.५७ कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश दिलेत. कंपनीने आरोप नाकारले आणि ती अपील न्यायाधिकरणात गेली, त्यामुळे दोषनिश्चितीबद्दल मी काही बोलत नाही. पण त्या आदेशात आपणच नोंदवले आहे की १७ जानेवारी २०२४ या बँक निफ्टीच्या एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन्समधली उलाढाल त्या निर्देशांकातल्या शेअर्सच्या रोख उलाढालीच्या ३५३ पट होती. आणि आपल्या आरोपानुसार त्या दिवशी कंपनीने शेअर्स व फ्युचर्समध्ये सुमारे ६१ कोटींचा तोटा सोसून ऑप्शन्समध्ये सुमारे ७३५ कोटी मिळवले. आरोपांचे काय व्हायचे ते होवो. ज्या बाजारात मूळ वस्तूच्या शेकडो पट व्यवहार तिच्या सावलीत होतात, तिथे मूळ वस्तू थोडी हलवून सावली हवी तशी पाडण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, एवढे यातून दिसते. आणि त्या सावलीत सर्वांत जास्त गर्दी किरकोळ खरेदीदाराची असते. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशावर व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी नफा कमावला, त्यातला जवळजवळ सगळा संगणकी अल्गोरिदमच्या जोरावर. व्यक्तींनी आणि इतरांनी खर्च धरण्याआधी सुमारे ६१,००० कोटी गमावले. ही बेरीज-वजाबाकी आपल्याच कार्यालयात झालेली आहे.

याच ओघात उत्पन्नाच्या साखळीबद्दलही एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. व्यक्तींनी तीन वर्षांत व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भाग दलालीचा होता, पाचवा हिस्सा एक्स्चेंजच्या शुल्काचा. सरकार प्रत्येक सौद्यावर सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स घेते. ऑप्शन विक्रीवरचा हा कर २०२४ च्या अर्थसंकल्पाने प्रीमियमच्या ०.०६२५ वरून ०.१ टक्का केला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने तो ०.१५ टक्के ठरवला. सौदा तोट्यात गेला तरी तो भरावाच लागतो. सेबीलाही उलाढालीच्या प्रत्येक कोटीमागे शुल्क मिळते. यामुळे कोणाच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण उलाढाल घटली की दलाल, एक्स्चेंज, सरकार आणि नियामक या चौघांचेही उत्पन्न घटते, अशा रचनेत लहान ट्रेडरच्या बाजूने बोलणारा पाचवा कोणीतरी हवा, आणि कायद्याने ते काम आपल्यावर सोपवले आहे.

या मागणीला होणारे विरोधही मी ऐकले आहेत. पहिला म्हणजे सज्ञान माणसाला आपल्या पैशाचे काय करायचे याचे स्वातंत्र्य असावे. मला तो मान्य आहे, म्हणूनच मी बंदी मागत नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंदी घातली, तेव्हा कुटुंबांच्या आर्थिक हानीचे कारण पुढे केले होते. ऑप्शन म्हणजे रमी नव्हे. त्याला जोखीम उतरवण्याचा खरा उपयोग आहे. तरीही कुटुंबाच्या हानीचे कारण तिथे इतके वजनदार आणि इथे इतके हलके का, हे समजत नाही. दुसरा विरोध असा की लहान ट्रेडर गेला की बाजारातली तरलता, म्हणजे सौद्याला समोरचा गिऱ्हाईक सहज मिळणे, आटेल. दहातल्या नऊ जणांच्या तोट्यावर जी तरलता टिकते, ती कोणाच्या उपयोगाची आहे, हे तपासायला हवे. तिसरा विरोध खरोखर गंभीर आहे : दार बंद केले तर माणसे डबा ट्रेडिंगकडे (एक्स्चेंजबाहेरच्या सौद्यांकडे) किंवा परदेशी ॲपकडे वळतील. काही वळतीलही. पण डबा आजही बेकायदा आहे आणि आजही चालतो. त्याचा बंदोबस्त पोलिसांच्या मदतीने करायचा की त्याच्या भीतीने नियमित बाजारात मर्यादाच घालायची नाही, यांतला दुसरा पर्याय मला पटत नाही.

दुसऱ्या देशांनी हे केलेले आहे. एके काळी जगात सर्वाधिक उलाढाल असलेल्या दक्षिण कोरियाच्या कोस्पी २०० ऑप्शन्समध्ये २०१२ साली कराराचा गुणक, म्हणजे आकार, पाचपट केला गेला, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१४ मध्ये नव्या व्यक्तिगत गुंतवणूकदारासाठी प्रशिक्षण, सरावाचे खोटे व्यवहार आणि मोठी ठेव बंधनकारक झाली. चीनमध्ये निर्देशांक फ्युचर्ससाठी खात्यात पाच लाख युआन आणि ज्ञानचाचणी लागते. युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांना बायनरी ऑप्शन्स विकण्यावर बंदी घातली आणि तशाच दुसऱ्या एका उत्पादनात उसनवारीच्या पटीला मर्यादा घातली. या सर्वांनी माणूस कोण आहे हे आधी विचारले.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. मार्च २०१८ च्या निर्णयाची आजची स्थिती जाहीर करावी आणि उत्पन्नाशी जोडलेली मर्यादा ठरावीक मुदतीत लागू करावी. ती ब्रोकरनिहाय नको, पॅननिहाय हवी, नाहीतर चार ब्रोकरांकडे चार खाती उघडून ती निरर्थक होईल. मर्यादा मोजताना केवळ मार्जिन धरू नये. ऑप्शन खरेदीत भरलेला प्रीमियम आणि वर्षभराचा निव्वळ तोटाही धरावा. ज्याच्या डिमॅटमध्ये खरोखर शेअर्स आहेत, त्याला त्यांच्या मूल्याइतके पुट (भाव घसरण्यावरचे ऑप्शन) संरक्षणासाठी घेण्याची मोकळीक असावी.

२. एफ अँड ओ सुरू करण्यापूर्वी चाचणी बंधनकारक करावी. पाताळगंगेची आपलीच एनआयएसएम ही संस्था परीक्षा घेते. तिच्याकडून मराठीसह भारतीय भाषांमध्ये ही चाचणी व्हावी आणि त्यानंतर काही काळ केवळ सरावाचे व्यवहार असावेत.

३. ॲप उघडताच दहापैकी नऊ जणांचा तोटा दाखवण्याऐवजी ज्याचे त्याचे आकडे दाखवावेत : या वर्षीचा आणि आजवरचा खर्चासह निव्वळ तोटा, रुपयांत, ज्या भाषेत तो ग्राहक ॲप वापरतो त्या भाषेत. तोटा जाहीर उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे गेला की नवीन सौद्यांना सक्तीचा विराम मिळावा.

४. ज्याला स्वतःहून काही महिन्यांसाठी एफ अँड ओ बंद करून घ्यायचे आहे, त्याला पॅनवर सर्व ब्रोकरांकडे एकाच अर्जात ते करता यावे, आणि मुदत संपेपर्यंत ते उघडता येऊ नये. ही सोय कुटुंबांना सर्वांत आधी उपयोगी पडेल.

५. साप्ताहिक एक्स्पायरीचे भवितव्य जाहीरपणे ठरवावे. ती ठेवायची असेल तर किमान शेवटच्या दिवशी बाजारभावापासून फार दूरच्या ऑप्शन्सची खरेदी व्यक्तींसाठी मर्यादित करावी.

६. व्यक्तींच्या तोट्याचा अभ्यास दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, राज्यनिहाय, वयोगटनिहाय आणि उत्पन्नगटनिहाय आकड्यांसह प्रसिद्ध करावा.

यांतली कोणतीही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पॅन आहे, केवायसीच्या नोंदी आहेत, सौद्यांची पूर्तता करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे प्रत्येक सौद्याची माहिती आहे आणि ग्राहकाच्या संमतीने उत्पन्नाची माहिती देणारी अकाउंट ॲग्रीगेटरची व्यवस्था देशात चालू आहे. आपण तीन अभ्यासांमध्ये एक कोटी माणसांचा हिशेब पैशापर्यंत लावू शकलात, तर तोच हिशेब सौदा होण्याआधी लावणे आपल्याला जमणार नाही, असे मी मानत नाही.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. पहिल्या मागणीतल्या प्रश्नाचे, म्हणजे २०१८ च्या निर्णयाचे काय झाले याचे उत्तर, आपल्या संकेतस्थळावर मराठीसह सर्व भारतीय भाषांत द्यावे. या विषयावर आपण हरकती-सूचना मागवल्यात, तर माझ्या काही अशिलांनी नावे वगळून आपली नफा-तोटा पत्रके देण्याची तयारी दाखवली आहे. ती मी मंडळाकडे पाठवीन.

आपला,
एक कर सल्लागार,
कराड, जि. सातारा